अर्ध्या बादली पाण्यात बॉनेटखालची सफाई

बॉनेटखालचा मळ दोन जातींचा असतो आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. एक म्हणजे कोरडी धूळ, माती, पालापाचोळा. ही ब्रशने आणि हवेने निघते. तिच्यावर आधीच पाणी मारलं तर चिखल होऊन ती कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडांच्या, खाचाखोचांत जाऊन बसते. दुसरा ओशट, काळा थर: कुठून तरी पाझरलेलं तेल, त्यावर चिकटलेली धूळ आणि इंजिनच्या उष्णतेने भाजून झालेली खरपुडी. ही खरपुडी नुसत्या पाण्याला दाद देत नाही, मग ते कितीही जोरात मारा. थर तिथेच राहतो आणि पाणी मात्र नको तिथे घुसतं. या सफाईत जे काही बिघडतं, त्यातलं बहुतेक याच चुकीतून बिघडतं.

या वेळी हाताखाली होती चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी. इंजिनाचा मागचा निम्मा भाग तेलाने काळा झालेला. सफाई चकाकीसाठी करायची नव्हती. तेल पाझरत होतं, पण कुठून ते कळत नव्हतं. सगळीकडेच ओल असली की नवी ओल ओळखणार कशी? म्हणून आधी सफाई, मग शोध. सकाळी सुरू केलेलं काम दुपारी संपलं आणि सगळं मिळून पाणी लागलं सहा लिटरांहून कमी. बाकी वेळ पाहण्यात, झाकण्यात, घासण्यात आणि वाळवण्यात गेला.

पहिली दहा मिनिटं हातात फक्त टॉर्च आणि मोबाइल. सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कारण नंतर कुठलं झाकण कुठलं आणि कुठली नळी कुठून जात होती ते आठवत नाही. ओलीचे रंगही याच वेळी पाहून घ्यावेत. तपकिरी-काळं ते इंजिन ऑइल. नळीच्या तोंडाशी पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा दिसला तर तिथून कूलंट झिरपून वाळतंय. लालसर ओल बहुधा पॉवर स्टिअरिंगची किंवा ऑटोमॅटिक गिअरची. ब्रेक ऑइलच्या डबीखाली रंगाचे पोपडे सुटले असतील तर तिथे ब्रेक ऑइल सांडलेलं आहे, ते रंग खातं. या खुणा एकदा धुतल्या की गेल्या, म्हणून फोटो.

याच पाहणीत कधीकधी सफाईचा बेत रद्द करावा लागतो. वायरचं प्लास्टिक तडकून आत तांबं दिसत असेल, कपलरची लॉकची पट्टी तुटलेली असेल, इग्निशन कॉइलला (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाला) भेग असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी ती दुरुस्ती. तुटक्या कपलरमध्ये पाणी जाणार हे नक्की असतं. उंदराचं घरटं किंवा लेंड्या दिसल्या तर कोरडं झाडायचं नाही; मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशक फवारून ओलं करायचं आणि फडक्याने उचलायचं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कुरतडलेल्या वायरीही तिथेच आसपास सापडतात.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांनी इंजिन धुण्याची जुनी सवय अनेकांना आहे आणि ओशट थर त्यांनी निघतोही. तरी ते वापरू नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. रॉकेलला साधारण ३८ अंशांच्या वर तापमान लागतं, पण नुकत्या बंद केलेल्या इंजिनात ते केव्हाच ओलांडलेलं असतं. शिवाय कूलंटच्या नळ्यांचं रबर अशा तेलांनी फुगतं आणि मऊ पडतं. आज नळी स्वच्छ दिसते, काही महिन्यांनी क्लिपपाशी फाटते.

तापलेल्या इंजिनावर पाणी टाकायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, कारण मात्र थोड्यांना. इंजिनातला धूर बाहेर नेणारा पहिला पाइप, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बहुधा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तो तडकू शकतो. त्याच पाइपात बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आत चिनी मातीसारखा भाग असतो, तोही अचानक गार झाला तर फुटतो. आणि गरम धातूवर डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं द्रावण, मिनिटभरात वाळून पांढरे डाग सोडतो. अगदी थंडगार इंजिनावर मात्र ग्रीस दगडासारखं घट्ट असतं. म्हणून गाडी दोन-तीन मिनिटं चालवून बंद केली. व्हॉल्व्ह कव्हरवर (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर) तळहात निवांत ठेवता आला पाहिजे, इतकीच ऊब हवी. कामही सावलीत. उन्हात डिग्रीझर टिकत नाही.

मग बॅटरी. चावी काढून खिशात ठेवली, कारण सेंट्रल लॉकची गाडी वीज गेल्यावर बंद होऊन बसली तर चावी आत असून उपयोग नाही. गाडीतले कॉम्प्युटर शांत व्हायला काही मिनिटं दिली आणि दहाच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. आधी निगेटिव्हच का? पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल, तर सरळ शॉर्ट होतं. पाना लाल होईपर्यंत तापतो. निगेटिव्ह आधी सुटलेलं असलं की हा धोका उरत नाही. सोडवलेली वायर फडक्यात गुंडाळून बाजूला बांधली. या एका गोष्टीने आणखी एक भीती जाते: काही गाड्यांत चावी बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो आणि हात तिथेच असतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात, त्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो. तिथे ओलं काही करू नये. कोरडा ब्रश आणि जेमतेम दमट फडकं एवढ्यावरच थांबावं, तेही नारिंगी केबलपासून लांब.

कोरडी सफाई वायपरखालच्या जाळीपासून सुरू केली. तिथला पाला नुसता वरवरचा नसतो. जाळीखाली पाणी वाहून जायची भोकं असतात, ती कुजक्या पानांनी बुजली की पावसाचं पाणी गाडीच्या आत, पायाखालच्या गालिच्यापर्यंत येतं. पानं हाताने काढली, उरलेला गाळ व्हॅक्युम क्लीनरने ओढला. मग लांब केसांच्या नायलॉन ब्रशने वरून खाली सगळं झाडलं आणि कंप्रेसरची हवा मारली, दाब २ बारच्या आसपास ठेवून. रेडिएटरच्या आणि एसीच्या जाळीवर जवळून हवा मारू नये, पाती वाकतात. प्लगच्या विहिरींभोवती, म्हणजे स्पार्क प्लग ज्या खोल खड्ड्यांत बसतात त्यांच्याभोवती, मात्र हवा नीट मारावी. तारेचा ब्रश या कामात कुठेच नको. तो ॲल्युमिनियमवर कायमचे ओरखडे पाडतो आणि वायरीचं आवरण सोलतो.

आता झाकणं. सगळ्या कामात मला हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि सर्वांत जास्त घाई इथेच होते. पाणी कुठे जायला नको ते आधी ठरवायचं, धुण्याला हात त्यानंतर लावायचा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पहिला: त्याच्या अंगावर हवेसाठी झरोके असतात आणि आत उघडी तार, कार्बन ब्रश, बेअरिंग. पाण्यापेक्षाही डिग्रीझर वाईट, तो बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतो. अल्टरनेटरला आकाराप्रमाणे दाबून बसते म्हणून ॲल्युमिनियमची घरगुती फॉइल वापरली आणि वरून पिशवी. फॉइल वीज वाहते, तेव्हा निगेटिव्ह सुटलेलं असल्याशिवाय ती हातातही घेऊ नये. फ्यूज बॉक्सचं झाकण दाबून बंद केलं आणि त्यावर प्लास्टिक ताणून रबर बँड लावला. इंजिनाचा कॉम्प्युटर बॉनेटखाली असेल तर तोही तसाच. इग्निशन कॉइलच्या ओळीवर दुहेरी पिशवी, कडांना चिकटपट्टी. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडात कोरडं फडकं कोंबलं. त्याचा मोठा शेपटा बाहेर लोंबत ठेवला, म्हणजे काढायला विसरायला होत नाही. हॉर्नलाही पिशवी. डिपस्टिक खोलवर बसली आहे, ऑइलची टोपी, कूलंटचं आणि ब्रेक ऑइलचं झाकण घट्ट आहे, हे हाताने दाबून पाहिलं. ब्रेक ऑइल हवेतली ओलसुद्धा शोषतं, थेट पाणी गेलं तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पट्ट्याला, म्हणजे फॅन बेल्टला, डिग्रीझर लागू द्यायचा नाही. लागला तर बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. त्याच्यासमोर जाड पुठ्ठा उभा केला.

बॅटरी सुटलेली असतानाच टर्मिनलची बुरशी काढून घेतली. एक कप पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश. पांढऱ्या-निळ्या पुटावर सोड्याचं पाणी लागलं की फेस येतो. फेस थांबला की आम्ल संपलं. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, तिथलं आम्ल कमजोर होतं. चष्मा आणि हातमोजे घालावेत. बॅटरीजवळ ठिणगी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. दमट फडक्याने पुसून, वाळवून मग बॅटरीवरही प्लास्टिक टाकलं.

डिग्रीझर पाण्यात मिसळणारा, अल्कली जातीचा घेतला. दोन बाटल्या केल्या. एकीत १ लिटर पाण्याला १०० मिलि, म्हणजे एकास दहा, प्लास्टिकसाठी, नळ्यांसाठी आणि रंगवलेल्या भागांसाठी. दुसरीत ४०० मिलि पाण्याला १०० मिलि, एकास चार, फक्त खरपुडीसाठी. बाटलीवर कंपनीने वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळावं. जास्त कडक केल्याने काम लवकर होतं हा गैरसमज आहे. तीव्र अल्कली उघड्या ॲल्युमिनियमला खाते, धातू करडा-काळा पडतो आणि तो डाग कशानेच जात नाही. कॉस्टिक सोड्याचे क्लीनर आणि चाकांसाठीचे आम्लाचे क्लीनर या कारणाने बाद. लपलेल्या कोपऱ्यात थोडं लावून दोन मिनिटं थांबावं, पुसून पाहावं, मगच पुढे जावं.

सुरुवात बॉनेटच्या आतल्या बाजूने, कारण तिथलं घाण पाणी खालीच गळणार. आवाज अडवणारा नमदा असेल तर तो भिजवायचा नाही, कित्येक दिवस वाळत नाही. फक्त व्हॅक्युम आणि दमट फडकं. मग बाजूच्या पत्र्याच्या भिंती आणि शेवटी इंजिन. एकदम सगळीकडे फवारलं नाही. दोन तळहातांएवढा भाग घ्यायचा, फवारा हवेत न मारता जवळून किंवा थेट ब्रशवर मारायचा, तीन ते पाच मिनिटं थांबायचं, वाळायला लागला तर पुन्हा थोडा ओला करायचा, ब्रशने घासायचं, फडक्याने टिपून घ्यायचं. टिपणं महत्त्वाचं, कारण तेल फडक्यात गेलं की धुवायला उरतं ते थोडंच.

व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात थर बोटाच्या नखाएवढा जाड होता. तिथे एकास चारचं मिश्रण तीन वेळा लावावं लागलं. पहिल्या वेळी ब्रश नुसता वरून घसरतो, केस काळे होतात आणि थर तसाच. दुसऱ्या वेळी कडा उचलल्या गेल्या आणि लाकडी पट्टीच्या टोकाने पापुद्रा सुटायला लागला, ओल्या डांबरासारखा. पट्टी लाकडाची किंवा प्लास्टिकची. स्क्रू-ड्रायव्हरने गॅस्केटची (कव्हरखालच्या, तेल अडवणाऱ्या पट्टीची) कड खरवडली गेली तर नसलेला लीकेज तयार होतो. तिसऱ्या वेळी खालचा ॲल्युमिनियमचा मूळ राखी रंग दिसला, ओतकामाचे दाणे आणि बोल्टभोवतीचा वर्तुळाकार कट्टा यांसकट. बोल्टच्या खळगीतलं तेल कापूस गुंडाळलेल्या काडीने काढलं.

धुवायला प्रेशर वॉशर नाही. घरगुती मशीनचाही दाब १०० बारच्या आसपास असतो. कपलरच्या रबरी सीलची रचना उडणाऱ्या पाण्यासाठी असते, हातभर अंतरावरून येणाऱ्या अशा धारेसाठी नाही. आणि वर्षानुवर्षं तापून ते रबर कडकही झालेलं असतं. शिवाय मशीनने एसीच्या गॅसची आणि बेल्टच्या मार्गाची लेबलं उडून जातात, ती पुढे फार उपयोगाची असतात. मी २ लिटरचा हातपंपाचा फवारा वापरला, दोनदा भरून. तोंड बारीक तुषारावर, वरून खाली, एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. पाण्याने फेस खाली सरकवायचा, एवढंच त्याचं काम. खाली निथळणारं पाणी पसरट ट्रेमध्ये आणि जुन्या चिंध्यांवर घेतलं. ते तेलकट पाणी गटारात सोडायचं नाही. थोडं असल्याने भुशात जिरवून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे देता येतं.

धुऊन झाल्या झाल्या पिशव्यांची आणि फॉइलची झाकणं काढायची, कारण प्लास्टिकखाली घाम धरतो. मायक्रोफायबरच्या फडक्यांनी वरचं पाणी टिपलं, मग हवा. कपलरच्या फटी, प्लगच्या विहिरींच्या कडा, बोल्टच्या खळग्या, अल्टरनेटरचा कंस. बॉनेट उघडं ठेवून तासभर वारं लागू दिलं. बॉनेटचं कुलूप आणि बिजागऱ्या इथे विसरू नयेत: डिग्रीझरने त्यांचंही ग्रीस जातं, आणि कोरडं पडलेलं कुलूप नीट पकडत नाही किंवा उघडत नाही. दोन्हीकडे पांढरं लिथियम ग्रीस लावलं. सेफ्टी हुक हाताने दाबून परत येतो का ते पाहिलं.

हवेच्या नळीतलं फडकं काढलं, झाकणं मोजून घेतली, निगेटिव्ह टर्मिनल जोडलं आणि दोन्ही टर्मिनलांवर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला. बॅटरी काढल्यावर घड्याळ आणि खिडक्यांची एका बोटात वर जायची सोय पुन्हा लावावी लागते, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो. तो आधीच जवळ ठेवावा. इंजिन दहा-पंधरा मिनिटं आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर न दाबता, चालवलं, बॉनेट उघडं. सुरुवातीला बेल्ट काही सेकंद किंचाळला तर ती ओल असते, जाते. मिनिटभरानंतरही आवाज राहिला तर बेल्टला डिग्रीझर लागला आहे. इंजिन बंद करून बेल्ट स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावा.

गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर पेट न घेता इंजिन अडखळायला लागलं, तर बहुतेक वेळा प्लगच्या विहिरीत पाणी असतं. स्कॅनरवर पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी कोड येतो आणि शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो. इंजिन लगेच बंद करावं, विशेषतः चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर. न जळालेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो निकामी होतो. थंड झाल्यावर त्या सिलिंडरची कॉइल उचलायची, पण प्लग न काढता आधी विहिरीतलं पाणी फडक्याने आणि हवेने काढायचं, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. कॉइलचं रबर पुसून, वाळवून बसवलं की बहुधा गाडी सुरळीत चालते. आयडल वरखाली होत असेल तर हवेच्या सेन्सरला ओल लागलेली असू शकते. बॅटरीचा दिवा पेटला तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटर ओला आहे. या गाडीत बेल्टच्या क्षणभराच्या आवाजापलीकडे काही झालं नाही.

प्लास्टिकला चमक आणणारं ड्रेसिंग लावायचं असेल तर पाण्यावर आधारलेलं, फडक्यावर घेऊन, बेल्टपासून दूर. तेलकट सिलिकॉनचं ड्रेसिंग धूळ पकडतं. मी या गाडीला काहीच लावलं नाही, कारण लीकेज शोधायचा तर पृष्ठभाग कोरडा हवा.

व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेवर, मागच्या कोपऱ्यावर आणि त्याखालच्या ब्लॉकवर टाल्कम पावडरचा हलका थर भुरभुरवला, एक्झॉस्ट आणि बेल्टची बाजू टाळून. गाडी ४० किलोमीटर चालवली आणि थंड झाल्यावर टॉर्च मारला. पांढऱ्या पावडरमध्ये एकच तपकिरी रेघ होती: गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली, बोल्टच्या डाव्या अंगाने खाली ब्लॉकवर उतरलेली. बोल्ट आवळून हे थांबत नाही, उलट साधारण १० न्यूटन-मीटरसाठी असलेले हे बोल्ट जास्त आवळले तर तुटतात. नवं गॅस्केट मागवलं, आणि ते बसवताना आत पडायला आता वर मळ उरलेला नव्हता.